नागरिक घडविणारा धर्मगुरू : फादर लोरेन्झो मिलानी

आपल्या शाळांतून नागरिकशास्त्र हा विषय शिकविला जातो. मूलभूत हक्क कोणते, कर्तव्ये कोणती, ग्रामसभा म्हणजे काय, हे आपली मुले परीक्षेपुरते पाठ करतात आणि निकाल लागला की विसरूनही जातात. पुढे तीच मुले अठरा वर्षांची होतात, मतदार होतात; परंतु गावात पाणी का येत नाही हा प्रश्न कोणाला विचारावा, अर्ज कसा लिहावा, सभेत उठून कसे बोलावे, हे त्यांना ठाऊक नसते. चांगला नागरिक कसा घडवावा, हा प्रश्न म्हणूनच केवळ शाळांचा नाही. तो पालकांचा आणि धर्मग्रामाचाही आहे. ज्या एका धर्मगुरूने हा प्रश्न आपल्या आयुष्याचा प्रश्न मानला आणि त्यासाठी मोठी किंमत मोजली, त्यांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्यांचे नाव फादर लोरेन्झो मिलानी. इटलीत हे नाव घरोघरी माहीत आहे आणि कितीतरी शाळांना ते दिलेले आहे.

सधन घरातील मुलगा

लोरेन्झो मिलानी यांचा जन्म २७ मे १९२३ रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात झाला. घराणे श्रीमंत आणि विद्वानांचे होते. त्यांचे पणजोबा दोमेनिको कोम्पारेत्ती हे प्राचीन भाषांचे नामवंत अभ्यासक होते. आई आलिचे वाइस या ज्यू घराण्यातील होत्या. घरात पुस्तके होती, नोकरचाकर होते, अनेक भाषा बोलल्या जात होत्या. मात्र धर्माचरण असे नव्हते. १९३० साली हे कुटुंब मिलान शहरी राहावयास गेले. जर्मनीत हिटलर सत्तेवर आल्यानंतर ज्यू लोकांवर संकट येणार हे आईवडिलांनी ओळखले आणि १९३३ साली मुलांचा स्नानसंस्कार करविला. त्यामागे श्रद्धेपेक्षा भीती अधिक होती.

त्या काळी इटलीवर मुसोलिनीची हुकूमशाही होती. १९३६ साली इटलीने इथिओपिया हा देश जिंकला आणि साम्राज्याची घोषणा केली, तेव्हा लोरेन्झो तेरा वर्षांचे होते. इतर मुलांप्रमाणे तेही आनंदाने नाचले. त्या युद्धात निरपराध माणसांवर काय अन्याय झाला, हे त्यांच्या एकाही शिक्षकाने वर्गात सांगितले नव्हते. मोठेपणी त्यांनी याचा स्पष्ट उल्लेख करून ठेवला आहे. शिक्षक गप्प राहिला तर मुले डोळे मिटून कोणाच्याही मागे जातात, ही गोष्ट त्यांच्या मनावर कोरली गेली. त्यांच्या पुढील सर्व कार्याचे मूळ आम्हाला या अनुभवात दिसते.

शालेय शिक्षण संपल्यावर त्यांनी विद्यापीठात न जाता चित्रकला शिकण्याचा निर्णय घेतला. चित्रकलेच्या अभ्यासातूनच त्यांचे लक्ष ख्रिस्ती उपासनेकडे वळले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १९४३ च्या उन्हाळ्यात ते फादर राफाएले बेन्सी यांच्या सहवासात आले आणि त्यांचे परिवर्तन झाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबर महिन्यात, युद्धाचा वणवा पेटलेला असताना, वीस वर्षांच्या या तरुणाने फ्लॉरेन्सच्या सेमिनरीत प्रवेश केला. १३ जुलै १९४७ रोजी कार्डिनल एलिया दाल्ला कोस्ता यांच्या हस्ते त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

कामगारांची रात्रशाळा

ऑक्टोबर १९४७ मध्ये त्यांची नेमणूक फ्लॉरेन्सजवळील कालेन्झानो येथील सान दोनातो या धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू म्हणून झाली. जवळच प्रातो हे कापड उद्योगाचे केंद्र आहे. धर्मग्रामातील अनेक तरुण कोवळ्या वयात तेथे कामाला लागत, रात्रपाळ्या करीत. रविवारी ते मिस्सालाही येत. परंतु फादर मिलानी जसजसे त्यांच्याशी बोलू लागले, तसतशी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. उपदेशातील निम्मे शब्द या तरुणांना कळतच नव्हते. नोकरीचा करार, वर्तमानपत्रातील अग्रलेख, निवडणुकीतील भाषण यांचीही तीच गत होती. ज्याच्यापाशी शब्द नाहीत त्याला धर्मशिक्षण कळत नाही आणि स्वतःचा हक्कही मागता येत नाही, या निष्कर्षाप्रत ते आले.

तेव्हा त्यांनी कामगार व शेतकरी तरुणांसाठी रात्रशाळा सुरू केली. देशात त्या वेळी कॅथॉलिक आणि कम्युनिस्ट असे दोन तट पडलेले होते; शेजारी शेजाऱ्याशी बोलत नसे. फादर मिलानी यांनी शाळेचे दार दोन्ही बाजूंच्या मुलांना उघडे ठेवले. ही शाळा केवळ चर्चच्या माणसांची आहे असे कोणास वाटू नये म्हणून त्यांनी वर्गाच्या भिंतीवरील क्रूसही काढून ठेवला. एका धर्मगुरूने असे करावे याचा अनेकांना धक्का बसला. त्यांची भूमिका मात्र स्पष्ट होती. मुलगा शाळेत आला पाहिजे, विचार करू लागला पाहिजे. सत्याचा शोध घेणारा माणूस प्रभूपासून दूर जात नाही, असा त्यांचा विश्वास होता. दर शुक्रवारी एखादा डॉक्टर, वकील वा प्राध्यापक शाळेत येई आणि तरुण त्याला प्रश्न विचारीत.

त्या काळी अनेक धर्मग्रामांत तरुणांना जोडून ठेवण्यासाठी खेळ व करमणुकीवर भर दिला जाई. फादर मिलानी यांचा या पद्धतीला विरोध होता. गरिबाच्या मुलाला शिकण्यासाठी आधीच वेळ कमी मिळतो. तोही खेळात घालविणे म्हणजे त्याची फसवणूक करणे होय, असे ते मानीत. हे मत सर्वांना पटेल असे नाही. आम्हालाही ते पूर्णतः पटत नाही. तथापि त्यामागील कळकळ समजून घेणे आवश्यक आहे.

डोंगरावरील धर्मग्राम

त्यांच्या स्पष्टवक्तेपणामुळे विरोधक वाढत गेले. १९५४ साली कालेन्झानोचे वृद्ध प्रमुख धर्मगुरू वारले. त्यांच्या जागी फादर मिलानी यांची नेमणूक होईल अशी लोकांची अपेक्षा होती. परंतु डिसेंबर १९५४ मध्ये त्यांना बार्बियाना येथे पाठविण्यात आले. मुजेल्लो भागात, विक्कियो गावाच्या हद्दीत, मोंते जोवी या डोंगराच्या उतारावर असलेली ही विखुरलेली वस्ती. एक जुने चर्च, एक लहानशी दफनभूमी आणि रानात दूर दूर पसरलेली शेतकऱ्यांची घरे. तेथे रस्ता नव्हता, वीज नव्हती, नळाचे पाणी नव्हते. ही बदली म्हणजे शिक्षाच होती, हे सर्वांना कळत होते.

फादर मिलानी एकतिसाव्या वर्षी तेथे पोहोचले. पोहोचल्यावर लगेच ते खाली विक्कियोला गेले आणि बार्बियानाच्या दफनभूमीत स्वतःसाठी थडग्याची जागा विकत घेतली. आपण येथे चार दिवसांचे पाहुणे नाही, या माणसांमध्येच जगणार आणि येथेच मरणार, हे त्यांनी त्या कृतीतून सांगितले. आज्ञा त्यांनी पाळली. परंतु स्वस्थ बसले नाहीत.

१९५६ साली त्यांनी सहा मुलांना घेऊन पूर्ण वेळ शाळा सुरू केली. धर्मगुरूंचे निवासस्थान हीच शाळा. मुलांनी स्वतः मेज तयार केले, नकाशे रंगविले. डोंगरातील मुलांना पाण्याची भीती वाटे, ती जावी म्हणून त्यांनी आपल्या हातांनी पोहण्याचा एक लहान तलावही बांधला. शाळा सकाळी सुरू होई आणि संध्याकाळपर्यंत चाले. वर्षाचे ३६५ दिवस शाळा असे, सुट्टी नसे. घरी राहिले असते तर ही मुले मेंढ्या राखीत बसली असती, त्यामुळे सुट्टी हवी असे त्यांना वाटत नसे. मोठी मुले लहानांना शिकवीत. जो सर्वांत मागे असे, त्याच्यासाठी सर्वजण थांबत आणि त्याला समजल्याखेरीज धडा पुढे जात नसे.

वर्तमानपत्राचा तास

या शाळेतील सर्वांत महत्त्वाचे पाठ्यपुस्तक होते वर्तमानपत्र. ते दररोज मोठ्याने वाचले जाई. अनोळखी शब्द आला की वाचन थांबे. तो शब्द कोठून आला, त्याचा अर्थ काय, तो कोण कशासाठी वापरीत आहे, याची चर्चा होई. एखाद्या देशाचे नाव आले की नकाशा उघडला जाई आणि त्या देशाचा इतिहास सांगितला जाई. संपाची बातमी असेल तर मजुरी, नफा, कायदा यांचा हिशेब मांडला जाई. अशा रीतीने एका बातमीतून भाषा, भूगोल, इतिहास, गणित आणि नागरिकशास्त्र शिकून होई. देशाची राज्यघटना मुले कलमवार वाचीत आणि तिच्यातील शब्द आपल्या डोंगरावरील जीवनाशी ताडून पाहात.

शाळेला भेट देणाऱ्या पाहुण्यांनाही सूट नसे. प्राध्यापक, पत्रकार, कामगार पुढारी डोंगर चढून येत आणि मुलांच्या प्रश्नांना सामोरे जात. मोठ्या माणसाच्या डोळ्यांत पाहून नम्रपणे पण न घाबरता प्रश्न विचारणे, हे या मुलांना मुद्दाम शिकविले जात होते. परकीय भाषांवरही भर होता. वयात आलेली मुले सुट्टीच्या काळात इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी येथे काम करण्यास पाठविली जात. त्यांनी भाषा शिकावी आणि इतर देशांतील कामगार कसे जगतात हेही पाहावे असा त्यामागे हेतू होता.

वर्गात एका ठिकाणी इंग्रजीतील दोन शब्द मोठ्या अक्षरांत लिहिलेले होते. मला याची काळजी आहे, हे माझे आहे, असा त्यांचा भावार्थ. मुसोलिनीच्या अनुयायांचे घोषवाक्य नेमके याच्या उलट अर्थाचे होते. आपल्याला कशाचेही सोयरसुतक नाही, अशी ती मग्रुरी होती. फादर मिलानी यांना त्या मग्रुरीवरचा उतारा मुलांच्या मनात रुजवायचा होता.

न्यायालयापुढे

१९५८ साली त्यांचा धर्मग्रामातील अनुभवांवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. चर्चची रीतसर परवानगी घेऊनच तो छापला गेला होता. तरीही डिसेंबर १९५८ मध्ये रोमहून आदेश आला आणि हा ग्रंथ अयोग्य ठरवून विक्रीतून काढून घेण्यात आला. फादर मिलानी यांनी तोही निर्णय शिरसावंद्य मानला. १९६० साली त्यांना रक्तपेशींच्या कर्करोगाने ग्रासले. शाळा मात्र चालूच राहिली.

फेब्रुवारी १९६५ मध्ये फ्लॉरेन्सच्या एका दैनिकात काही निवृत्त लष्करी धर्मगुरूंचे निवेदन छापून आले. त्या काळी इटलीत प्रत्येक तरुणाला सक्तीची लष्करी सेवा करावी लागे आणि विवेकबुद्धीला अनुसरून शस्त्र घेण्यास नकार देणाऱ्यांना तुरुंगात टाकले जाई. अशा तरुणांना या निवेदनात भित्रे ठरविले होते. नेहमीप्रमाणे वर्तमानपत्राच्या तासाला ही बातमी मुलांसमोर वाचली गेली. मुलांनी आपल्या शिक्षकाकडे पाहिले. आता गप्प राहिलो तर आपण आपल्या बालपणीच्या शिक्षकांसारखेच ठरू, हे फादर मिलानी जाणून होते.

त्यांनी मुलांसमवेत उत्तर लिहिले. गेल्या शंभर वर्षांत इटलीने केलेल्या युद्धांचा त्यात आढावा घेतला. आक्रमणाचे साधन म्हणून युद्धाचा धिक्कार करणारे राज्यघटनेचे अकरावे कलम पुढे ठेवून त्यांपैकी कोणते युद्ध न्याय्य होते, असा प्रश्न विचारला. हे पत्र अनेक नियतकालिकांकडे पाठविले गेले. मार्च १९६५ मध्ये एका कम्युनिस्ट साप्ताहिकाने ते छापले. माजी सैनिकांनी तक्रार केली आणि गुन्ह्यास चिथावणी दिल्याच्या आरोपाखाली फादर मिलानी व त्या साप्ताहिकाचे संपादक यांच्यावर रोम येथे खटला उभा राहिला.

आजारपणामुळे त्यांना रोमला जाता येत नव्हते. म्हणून ऑक्टोबर १९६५ मध्ये त्यांनी न्यायाधीशांना एक दीर्घ पत्र लिहिले. तरुणांना नागरिकत्व कसे शिकवावे याविषयीचे त्यांचे सारे चिंतन त्या पत्रात आले आहे. त्याचा आशय आम्ही आमच्या शब्दांत देत आहोत. न्यायाधीशाचे काम आज अस्तित्वात असलेला कायदा लागू करणे हे आहे. शिक्षकाचे काम त्याहून वेगळे आहे. त्याला मुलांच्या मनात दोन गोष्टी एकाच वेळी जागवायच्या असतात. पहिली गोष्ट म्हणजे कायद्याविषयी आदर. कारण दुर्बळांना कायद्याचाच आधार असतो. दुसरी गोष्ट म्हणजे अधिक चांगला कायदा करण्याची इच्छा. कायदा बलवानाला झुकते माप देत असेल तर तो बदलण्यासाठी झटले पाहिजे. त्यासाठी नागरिकाच्या हाती मत आहे, संप आहे, आपला शब्द आणि आपले उदाहरण आहे. एखादा कायदा विवेकबुद्धीला मुळीच पटत नसेल आणि कोणी तो मोडला, तर त्याने शिक्षाही आनंदाने भोगावी. जो अशी किंमत मोजतो, त्याचे कायद्यावर इतरांपेक्षा अधिक प्रेम असते. वरिष्ठांनी सांगितले म्हणून केले, ही सबब हिरोशिमावर बाँब टाकणाऱ्यालाही पुरत नाही. प्रत्येक तरुणाला हे कळले पाहिजे की, घडणाऱ्या सर्व गोष्टींना तो स्वतः जबाबदार आहे.

येथे काही वाचकांना शंका येईल. आज्ञापालन हा सद्गुण उरलेला नाही असे लिहिणारे फादर मिलानी स्वतः मात्र बार्बियानाला निमूटपणे गेले, ग्रंथही मागे घेऊ दिला; हे कसे? आमच्या मते यात विसंगती नाही. आपल्यावर झालेला अन्याय त्यांनी सोसला. परंतु दुसऱ्यावर अन्याय होत असताना आज्ञेच्या आड लपण्यास नकार दिला. चर्च सोडण्याचा विचारही त्यांनी केला नाही, कारण पापांची क्षमा दुसरीकडे कोठे मिळणार, असे त्यांना वाटे. आर्चबिशपांकडे त्यांनी न्याय मागितला, पत्रे लिहिली, कधी तीव्र शब्दही वापरले. पण पाठ फिरविली नाही.

७ डिसेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आधुनिक जगातील चर्चविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. विवेकबुद्धीस अनुसरून शस्त्र नाकारणाऱ्यांसाठी कायद्याने माणुसकीची तरतूद करावी, असे त्यात म्हटले होते. १५ फेब्रुवारी १९६६ रोजी रोमच्या न्यायालयाने फादर मिलानी यांना निर्दोष ठरविले. सरकारी पक्षाने अपील केले. त्याचा निकाल ऑक्टोबर १९६७ मध्ये लागला तेव्हा संपादकांना दोषी ठरविण्यात आले. फादर मिलानी यांच्याविरुद्धचा खटला मात्र ते हयात नसल्याने संपुष्टात आला. पुढे डिसेंबर १९७२ मध्ये इटलीने कायदा करून अशा तरुणांना लष्कराऐवजी नागरी सेवेचा पर्याय दिला.

मुलांनी लिहिलेले पुस्तक

दरम्यान बार्बियानाच्या काही मुलांनी बाहेरच्या शाळेत परीक्षा दिली आणि ती नापास झाली. शाळेने त्या दुःखाचे पुस्तक केले. आठ मुलांनी मिळून सुमारे वर्षभर खपून, नापास करणाऱ्या शिक्षिकेला उद्देशून एक दीर्घ पत्र लिहिले. प्रत्येकजण आपले मुद्दे कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिही. मग त्या चिठ्ठ्या मेजावर पसरून त्यांचे गट केले जात, क्रम लावला जाई, अनावश्यक शब्द काढून टाकले जात. देशभरातील शाळांची आकडेवारीही मुलांनी अभ्यासली आणि नापास होऊन शाळा सोडणाऱ्यांत शेतकऱ्यांची व कामगारांची मुले किती अधिक आहेत हे दाखवून दिले. त्यांची मागणी तीन कलमी होती. सक्तीच्या शिक्षणात कोणाला नापास करू नये. जे मागे पडतात त्यांना पूर्ण दिवस शाळा मिळावी. आणि आळशी वाटणाऱ्या मुलांपुढे जगण्याचे ध्येय ठेवावे.

मे १९६७ मध्ये हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि इटलीच्या शिक्षणक्षेत्रात खळबळ उडाली. अनेक भाषांत त्याचे अनुवाद झाले. मराठीतही ते ‘प्रिय बाई’ या नावाने उपलब्ध झाले आहे. ज्यांना मतिमंद ठरवून घरी पाठविले होते, त्या मुलांनी आकडे आणि युक्तिवाद मांडून आपल्या देशाला प्रश्न विचारला होता. नागरिकत्वाची याहून चांगली परीक्षा कोणती असू शकेल?

२६ जून १९६७ रोजी, फ्लॉरेन्स येथे आईच्या घरी, फादर मिलानी यांनी देह ठेवला. त्यांचे वय अवघे ४४ होते. आपण देवापेक्षाही या मुलांवर अधिक प्रेम केले, परंतु देव अशा बारीकसारीक गोष्टी मनावर घेणार नाही, अशा आशयाचे शब्द त्यांनी मुलांसाठी लिहून ठेवले होते. धर्मगुरूची वस्त्रे आणि पायांत डोंगर चढण्याचे बूट अशा वेषात त्यांना बार्बियानाच्या त्या आधीच घेतलेल्या जागेत विसावा देण्यात आला. त्यांच्या घरी वाढलेला मिकेले जेस्वाल्दी पुढे कामगार चळवळीत गेला आणि १९९५ ते २००४ या काळात फ्लॉरेन्स प्रांताचा निर्वाचित अध्यक्ष झाला.

चर्चनेही त्यांना उशिरा का होईना, न्याय दिला. त्यांच्या ग्रंथावरील बंदी आता लागू नाही, असे २०१४ साली रोमहून कळविण्यात आले. २० जून २०१७ रोजी पोप फ्रान्सिस स्वतः बार्बियानाला गेले आणि त्यांच्या थडग्यापाशी एकटेच प्रार्थना करीत उभे राहिले. आपल्या बिशपांनी आपल्याला समजून घ्यावे ही फादर मिलानी यांची जी इच्छा अपुरी राहिली होती, तिला रोमच्या बिशपांनी दिलेले ते उत्तर होते. २०२३ साली त्यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी इटलीचे राष्ट्राध्यक्ष सर्जिओ मात्तारेल्ला हेही तो डोंगर चढून गेले.

फादर मिलानी यांच्या सर्वच पद्धती आपण उचलाव्यात असे आम्ही म्हणणार नाही. त्यांची शिस्त कठोर होती, जीभ तिखट होती. परंतु त्यांच्या शाळेतील एक गोष्ट कोणत्याही धर्मग्रामाला उद्या सकाळपासून करता येईल. आपल्या युवा मंडळाने आठवड्यातून एक तास एकत्र बसावे, वर्तमानपत्रातील एक बातमी मोठ्याने वाचावी, न कळणाऱ्या प्रत्येक शब्दापाशी थांबावे आणि जो सर्वांत कमी शिकलेला आहे त्याला समजेपर्यंत पुढे जाऊ नये. त्यासाठी सभागृह लागत नाही, निधी लागत नाही. वर्षभराने त्याच तरुणांपैकी कोणी ग्रामसभेत वा प्रभागाच्या बैठकीत उभे राहून गावच्या पाण्याचा प्रश्न नीट मांडला, तर बार्बियानाची शाळा आपल्याकडेही भरली असे आम्ही समजू.